फलाटाची कड

साठी उलटली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. एकदा घरात एक थोरली आणि एक धाकटी ठरली, की मग केस पांढरे होवोत नाहीतर दात पडोत, नाव काही बदलत नाही. थोरली लग्न होऊन डोंगरापलीकडच्या शहरात गेली. धाकटी अलीकडच्या शहरात राहिली, एका फरशीवाल्याच्या घरात. मधे डोंगर, डोंगरात बोगदा, बोगद्यातून रूळ. पूर्वी त्या रुळांवरून सकाळी निघालेलं माणूस बहिणीकडे दुपारच्या जेवणाला पोचायचं. मग एका पुरात पूल खचला. पूल दुरुस्त झाला, मालगाड्या धावू लागल्या, माणसांची गाडी तेवढी 'लवकरच' सुरू होणार होती. कोळशाला आणि सिमेंटला घाई असते. माणसं काय, थांबतात.

बसने जाता येत नव्हतं का? येत होतं की. सगळं शहर जात होतं. पण घाटाचा रस्ता म्हणजे वळणावर वळण, आणि धाकटीला बस लागायची. कशी लागायची ते ज्याला लागत नाही त्याला सांगून उपयोग नाही. लहानपणी थोरली एका हाताने तिचं कपाळ धरून बसायची आणि दुसऱ्या हातात पिशवी. पूल खचल्यावर एकदा धाकटी नेटाने बसने बहिणीकडे गेली, ती पोचल्या पोचल्या आडवी झाली. पाहुणी म्हणून गेली आणि दोन दिवस थोरलीच तिच्या उशाशी बसून होती. परत आल्यावर तिने जाहीर केलं, आता गाडी सुरू होईल तेव्हाच. थोरली मात्र येत राहिली, कंबर मोडेपर्यंत. त्यानंतर दर रविवारचा फोन उरला. फोनच्या शेवटी धाकटी म्हणायची, "गाडी सुरू झाली की येतेच." पुढे पुढे ती हे म्हणायची बंद झाली, आणि थोरलीनेही कधी विचारलं नाही.

इकडे शहरात गाडीसाठी समिती होती. तिचे अध्यक्ष चष्मेवाले होते. सगळ्या शहराला चष्मे लावणाऱ्या या गृहस्थांना गाडी कायम अगदी समोर आलेली दिसायची. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, या गाडीला त्याहून जास्त आली. कधी निधी आला नाही, कधी मंत्री बदलला, कधी डबे दुसऱ्याच गावाला गेले. पण दर थोड्या वर्षांनी बातमी यायची की या खेपेला नक्की. मग चष्मेवाले दुकानाला कुलूप लावून समितीला गोळा करायचे आणि म्हणायचे, "गाडी येऊन बघेल तेव्हा तिला वाटायला हवं, आपली कुणीतरी वाट बघतंय."

म्हणजे काय, तर फलाट सजवायचा. आणि सजवायचा म्हटलं की धाकटीच्या नवऱ्याला बोलावणं.

फरशीवाल्याचा हात चांगला होता, त्यात वाद नाही. त्याने घातलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलायची नाही. पण त्याचा एक नियम होता. जुनं उखडायचं नाही, त्यावरच नवं घालायचं. उखडलं की धूळ, धूळ उडाली की गिऱ्हाइकाची कुरकुर. त्याच्या स्वतःच्या घरात एकावर एक इतक्या फरश्या बसल्या होत्या, की दारं खालून कापून कापून ठेंगणी झाली होती आणि उंच पाहुणा कपाळ चोळतच आत यायचा. फलाटावर तर उखडायची परवानगीच नव्हती. सरकारी मालमत्ता होती ती. सुशोभीकरणाला मात्र कुणाची ना नव्हती. मग दर बातमीला फलाटावर नवा थर चढायचा, आणि रुळाच्या बाजूला नवी दगडी कड बसायची. जुनी कड झाकायची तर नवी थोडी पुढे यायलाच हवी. दर वेळी दोन बोटं. दोन बोटांनी काय बिघडतं? फलाटालगतच्या रुळावर गवत वाढलेलं, मालगाड्या पलीकडच्या रुळावरून निघून जायच्या. फोटो मात्र फार सुरेख यायचे.

धाकटी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी घड्या करायची. वाफेतून निघालेल्या चादरी हाताळून तिच्या बोटांना आता गरम कळत नसे. गाडीच्या बातमीचंही तसंच झालं होतं. पहिल्या खेपेला तिने बॅग भरली होती, दुसऱ्या खेपेला थोरलीसाठी शाल विणली होती, तिसऱ्या खेपेला नवऱ्याशी भांडली होती. त्यापुढच्या खेपांना तिने काहीच केलं नाही. नवरा घरी येऊन म्हणायचा, "अगं, या वेळी खरंच!" आणि ती म्हणायची, "हात धुवा, जेवायला बसा."

या वेळी मात्र खरंच खरं होतं. गवत निघालं, नवे रूळ पडले, सिग्नलचे दिवे लागले. सोमवारी पहिली गाडी पलीकडून येणार, समितीच्या लोकांना घेऊन परत पलीकडे जाणार. फरशीवाल्याला दोन जागा मिळाल्या होत्या, एक त्याची आणि एक धाकटीची.

शुक्रवारी भाचीचा फोन आला.

"मावशी, आई काही खात नाहीये. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. तू ये."

"बोलते का ती?"

"मधूनच. परवा मला तुझ्या नावाने हाक मारली."

धाकटीने फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं. तो सिमेंटचे हात पुसत पुढ्यात बसला. त्याला वाईट वाटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"उद्या बसनं जाऊ या का?" तिने विचारलं.

"जाऊ की. पण तू पोचशील कशी? मागच्या वेळचं आठव. तुलाच धरून न्यावं लागेल. त्या पोरीनं आईला बघायचं की तुला?" मग तो म्हणाला, "सोमवारी गाडी आहेच ना. मधे दोनच तर दिवस. ताजीतवानी जा, तिच्याजवळ बस."

बोलणं चुकीचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर धाकटीला ते ऐकून हायसं वाटलं. बहीण मरायला टेकली आहे आणि आपल्याला बस टळल्याचं हायसं वाटतंय, हे तिच्या लक्षातही आलं. तिने ते बाजूला सारलं आणि बॅग भरायला घेतली. शाल कपाटाच्या तळाशी होती. घडीवर पिवळी रेघ उमटली होती.

सोमवारी फलाट नुसता फुलून गेला होता. रंगीत कागदांच्या माळा, शाळेचं बँडपथक, चष्मेवाल्यांच्या अंगावर नवा कोट. फरशीवाल्याने पहाटेच येऊन कड ओल्या फडक्याने पुसून काढली होती, आणि जो तो तिच्याकडे बोट दाखवून वाहवा करत होता. तो लाजून उभा होता. धाकटी बॅग पायाशी ठेवून उभी होती. लोक तिला म्हणत होते, "चला, झालं एकदाचं तुमच्या मनासारखं!" ती मान हलवत होती. आपल्याला आनंद व्हायला हवा, निदान रडू तरी यायला हवं, असं तिला वाटत होतं. दोन्हीपैकी काही येत नव्हतं.

गाडी आली. बोगद्याच्या बाजूने, अगदी हळू, शिट्टी देत. बँड सुरू झाला. इंजिन फलाटाशी आलं आणि असा काही आवाज निघाला की बँडवाल्यांच्या हातातली वाद्यं तशीच राहिली. दगडावर पत्रा घासल्याचा आवाज. इंजिनाची पायरी कडेला भिडली होती. दगडाचे तुकडे उडाले, पुढे उभे असलेले मागे सरले, गाडी थांबली. एक डबाही फलाटाला लागला नाही.

रेल्वेची इंजिनीअर खाली उतरली. तिने टेप काढला, रुळापासून कडेपर्यंत माप घेतलं, पुन्हा घेतलं. मग कडेशी वाकून ती एकावर एक बसलेले थर बघत राहिली.

"हे कुणी बांधलं?"

मग एकेकाची मान फरशीवाल्याकडे वळली. आतापर्यंत वाहवा करणारी तीच माणसं.

"लोकसहभागातून," चष्मेवाले म्हणाले.

"आमच्या नकाशात फलाट जुन्याच मापाचा आहे. चूक आमचीही आहे, आम्ही येऊन मोजायला हवं होतं." तिने टेप गुंडाळला. ती चिडलेली दिसत नव्हती, दमलेली दिसत होती. "ही कड पूर्ण कापावी लागेल. त्याआधी गाडी इथे लागणार नाही."

"मग आत्ता?"

"आत्ता गाडी परत जाईल."

परत म्हणजे पलीकडे. थोरलीच्या शहराला. हे गर्दीत फक्त धाकटीच्या ध्यानात आलं. तिने बॅग उचलली, फलाटाचा उतार उतरून खडीवरून शेवटच्या डब्यापर्यंत चालत गेली. दारात गार्ड उभा होता.

"दादा, मला इथूनच चढू द्या. तिकीट आहे माझ्याकडे. पलीकडेच जायचंय."

गार्डने तिच्याकडे पाहिलं, मग उंच पायरीकडे, मग फलाटाकडे. "मावशी, फलाट सोडून प्रवासी घेता येत नाहीत. नोकरी जाईल माझी."

"माझी बहीण आजारी आहे हो."

"दोन दिवसांत कड कापतील. मग या ना सुखानं," तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने तिला पाण्याची बाटली देऊ केली.

गाडी निघाली. एकामागून एक रिकाम्या खिडक्या तिच्यासमोरून गेल्या. प्रत्येक जागेवर ठेवायला समितीने आदल्या दिवशीच पलीकडे एकेक फूल पाठवलं होतं, ती फुलंही तशीच पलीकडे गेली. धाकटी खडीत उभी राहिली. तिला रागही आला नाही. अति तिथे माती, एवढंच मनात आलं, आणि मग असंही की चादरींची दुसरी पाळी अजून मिळेल. ती बॅग घेऊन धुलाईघरात कामाला गेली.

फरशीवाल्याने त्याच दुपारी कड कापायला घेतली. दुसऱ्या कुणाला त्याने हात लावू दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो जुनं उखडत होता. संध्याकाळी घरी आला तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. म्हणाला, "बुधवारी होईल. बुधवारी नक्की." ती म्हणाली, "हात धुवा, जेवायला बसा."

मंगळवारी सकाळी मात्र ती त्याला न सांगता बसस्थानकावर गेली. लिंबू घेतलं, पिशव्या घेतल्या, खिडकीपाशी जाऊन तिकीटही विचारलं. समोर घाटाची बस सुरूच होती. डिझेलचा वास आला आणि तिच्या तोंडात आंबट पाणी आलं, पोट वर आलं. बस अजून जागची हलली नव्हती. ती बाकावर बसली. बस भरली, दार लागलं, बस गेली. पुढची बस लागली, तीही गेली. मग ती उठली आणि कामाला गेली. बुधवार तर आहेच, असं तिने स्वतःला सांगितलं. नवऱ्याचंच वाक्य होतं ते.

बुधवारी ती चादरींच्या ढिगापाशी असताना भाचीचा फोन आला.

"मावशी, आई गेली."

"कधी?"

"आत्ताच. सकाळी जरा बरी होती. विचारत होती, आज वार कोणता."

धाकटीने हातातली चादर पूर्ण घडी केली, ढिगावर ठेवली, मुकादमीणबाईंना सांगितलं आणि स्टेशनाकडे निघाली. फलाटावर कटर किंचाळत होता. फरशीवाला गुडघ्यांवर बसला होता. थोडासाच तुकडा उरला होता. कापलेल्या जागी थर उघडे पडले होते, करडा, लाल, पिवळा, पुन्हा करडा. त्यातला पिवळा कुठल्या वर्षीचा ते तिला आठवलं. त्या वर्षी तिने शाल विणली होती. तिने त्याच्या खांद्याला हात लावला. त्याने यंत्र बंद केलं.

"ताई गेली," ती म्हणाली.

त्याचं तोंड उघडं राहिलं. धुळीने पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. "उद्या गाडी..." एवढं बोलून त्याने जीभ चावली.

"मी बसनं जाते."

"मी येतो. थांब, मी येतो."

"तुम्ही हे पुरं करा," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. टोमणा मारायला आत काहीतरी पेटावं लागतं. "आता लोकांना तरी जाऊ द्या."

तो तिथेच, खालच्या थरांकडे बघत बसून राहिला. ती उतरून रस्त्याला लागल्यावरही बराच वेळ यंत्राचा आवाज आला नाही. मग आला.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. डाव्या हातात लिंबू, उजव्या हातात पिशवी, बॅग मांडीवर. तिने डोळे मिटले आणि वाट बघू लागली. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. पुढे घाट सुरू झाला, बस एकदा दरीकडे कलायची, एकदा कड्याकडे. मागे कुणीतरी ओकायला लागलं. शेजारच्या तरुण बाईचा चेहरा कागदासारखा झाला. धाकटीने डोळे उघडले, तिला लिंबू दिलं, पिशवी दिली, आणि न बोलता तिचं कपाळ धरलं. वळणं येत राहिली. धाकटी खिडकीतून डोंगर बघत होती. तिला आत काही होत नव्हतं. ना पोटात, ना छातीत. कुणीतरी आतलं सगळं काढून नेऊन पुन्हा दार लावून घेतल्यासारखं वाटत होतं.

घाट उतरल्यावर कंडक्टर तिकिटं तपासत आला. त्याने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि हसला. "मावशी, तुम्ही नेहमीच्या दिसता. आमच्या घाटाला अशी माणसं पाहिजेत."

तिने तिकीट पुढे केलं.

थोरलीचं घर तिला आठवत होतं त्याहून लहान होतं. दारात चपलांचा ढीग होता. भाची धावत आली. हातात एक निळी बादली होती.

"मावशी, बस आधी. ही घे. पाणी आणते. फार त्रास झाला असेल ना गं घाटात?"

धाकटी बादलीकडे बघत राहिली. "ही कशाला?"

"आईनं सांगून ठेवलं होतं. तिच्या पलंगाखालीच असायची ही. धाकटी आली की आधी बादली, मग पाणी, आणि मग बोलणं." भाचीचा आवाज फुटला. "सोमवारी गाडी रिकामीच परत आली, तेव्हा मी म्हटलं, मावशीला बसनं यायला सांगते. तर आई म्हणाली, नको गं, तिला सोसत नाही. लहानपणापासून नाही सोसत. तिला आग्रह करू नका."

आत थोरली निजली होती. पांढरी चादर छातीपर्यंत ओढलेली. चादरीची घडी कुणीतरी चुकीची घातली होती. धाकटीने बॅग उघडली, शाल काढली, तिच्या पायांवर घातली आणि पिवळी रेघ आत दुमडली.

"झाला ना त्रास?" भाचीने मागून पुन्हा विचारलं. दुसरं काय विचारावं ते तिलाही सुचत नसावं.

"नाही," धाकटी म्हणाली. "काहीच झालं नाही." तिने स्वतःचा आवाज ऐकला. मग ती बहिणीकडे वळली आणि तिलाच सांगू लागली. "ताई, अगं मला काहीच झालं नाही. सगळा घाट गेला, मला काहीच झालं नाही गं. मला येता आलं असतं."

ती पलंगाची कड धरून जमिनीवर बसली. आणि तिथे, जराही न हलणाऱ्या त्या जमिनीवर, तिच्या पोटात सगळं एकदम ढवळून वर आलं. भाचीने बादली पुढे सरकवली आणि तिचं कपाळ धरलं.